फलश्रुती म्हणजे हमीपत्र नव्हे

फेब्रुवारी उजाडला की देवळाबाहेरच्या पुस्तकांच्या दुकानात चार-चार पानी पुस्तिका पुढच्या फळीवर येतात. बारावीच्या पेपरांसाठी अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने, मुलाखतीला जाताना संकटनाशन स्तोत्र, अडकलेल्या पैशासाठी गुरुचरित्राचा अठरावा अध्याय, कोर्टकचेरीसाठी चौदावा, ऑपरेशनच्या आदल्या रात्री रामरक्षा. काम कोणते आणि त्यावर स्तोत्र कोणते याचा तक्ताच तयार असतो. नात्यातली एखादी मावशी फोनवर बजावते, "नुसत्या अभ्यासावर भागत नाही गं, अकरा वेळा म्हण आणि मग पेपरला जा." या सगळ्यामागचा दावा एका वाक्यात सांगता येतो : महत्त्वाच्या कामाआधी योग्य स्तोत्र योग्य संख्येने म्हटले की यश मिळते. हा दावा खोटा आहे. तो खोटा आहे हे कळण्यासाठी नास्तिक व्हावे लागत नाही. ज्या परंपरेच्या नावावर तो खपवला जातो, तिच्यातच त्याचे खंडन पडले आहे.

आधी वादाची हद्द ठरवून घेऊ. कार्यारंभी देवाचे नाव घेऊ नये, असे मी म्हणत नाही. मी वाढलो त्या घरात दिवेलागणीला रामरक्षा व्हायची आणि आजही अथर्वशीर्ष म्हटल्यावाचून माझी सकाळ पुरी होत नाही. देवाकडे काही मागणे हेही कमीपणाचे नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार आहेत. त्यांत दुःखाने गांजलेला आहे, काही हवे म्हणून आलेलाही आहे आणि त्या चौघांनाही तिथे थोर म्हटले आहे. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा घरातल्या पूजापाठाला हात लावत नाही. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचणारे नरेंद्र दाभोलकरही आपला विरोध देवाधर्माला नसून त्याच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे, असे वारंवार सांगत. तेव्हा मागण्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती मागितले म्हणजे मिळणारच, या हमीबद्दल.

हमीवाल्यांचा पहिला साक्षीदार म्हणजे पोथी. "अहो, फलश्रुतीतच लिहिलंय!" लिहिले आहे खरे. अथर्वशीर्षाच्या शेवटी दूर्वांनी यजन करणाऱ्याला काय मिळते, लाह्यांनी करणाऱ्याला काय, हजार मोदकांनी करणाऱ्याला काय, याची यादी आहे. हजार आवर्तनांनी हवी ती इच्छा साधते, असेही आहे. पण यादी मोठ्याने वाचणारे त्याच परिच्छेदातले एक वाक्य हळूच गिळतात. जो शिष्य नाही त्याला हे देऊ नये आणि मोहापायी दिले तर देणारा पापी होतो, असे तिथेच बजावले आहे. फलश्रुती अक्षरशः खरी मानायची तर हा निर्बंधही अक्षरशः मानावा लागेल. मग रस्त्यावर गठ्ठ्याने पुस्तिका विकणारे आणि येईल त्याच्या हाती त्या ठेवणारे कोणत्या वर्गात बसतात? हा निर्बंध काळानुरूप सैल करायचा असेल तर मला आनंदच आहे. पण मग फळाचे शब्द तेवढे दगडावरची रेघ कसे राहिले? हवे ते अक्षरशः घ्यायचे आणि गैरसोयीचे लाक्षणिक म्हणायचे, ही शास्त्रनिष्ठा नव्हे.

परंपरेने स्वतः फलश्रुतीला किती वजन दिले, हे पाहायला ग्रंथ उघडण्याचीही गरज नाही. जाणत्या गुरुजींना विचारा. अथर्वशीर्षाची अनेक आवर्तने करायची असतात तेव्हा दर आवर्तनाला फलश्रुती म्हणत नाहीत. मूळ पाठ पुन्हा पुन्हा होतो, फलश्रुती फक्त शेवटच्या आवर्तनानंतर एकदा. सहस्रावर्तनात स्तुती हजारदा आणि फळाचा उल्लेख एकदा, हे प्रमाण रूढीनेच ठरवून दिले आहे. आजच्या पुस्तिकांनी ते उलटे करून टाकले : फळ मुखपृष्ठावर ठळक आणि अर्थ कुठेच नाही.

ग्रंथ उघडायचेच असतील तर तिथेही हमीवाल्यांना आधार मिळत नाही. मीमांसकांनी फार पूर्वी आज्ञा करणारी वाक्ये आणि स्तुती करणारी वाक्ये वेगळी काढली. स्तुतीची वाक्ये माणसाला कर्माकडे वळवण्यासाठी असतात, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. भागवताचा एकादश स्कंध त्याही पुढे जातो. फलश्रुतीत माणसाचे परम कल्याण सांगितलेले नाही, ती फक्त गोडी लावण्यासाठी आहे, औषध घेण्यासाठी दाखवलेल्या गोडासारखी, असे तिथे साफ म्हटले आहे. हा काही आडबाजूचा ग्रंथ नव्हे. याच स्कंधावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली, १५७३मध्ये काशीत ती पुरी केली आणि तेव्हापासून ती वारकऱ्यांच्या घरोघरी वाचली जाते. म्हणजे साडेचारशे वर्षे मराठी माणसाला हे मराठीतून ऐकवले जात आहे. तरी आपण औषध बाजूला ठेवून खडीसाखरेच्या वजनावर भांडतो आहोत.

गुरुचरित्राच्या त्या दोन अध्यायांचेच घ्या. चौदावा संकटासाठी आणि अठरावा पैशासाठी, हे समीकरण इतके घट्ट झाले आहे की आत काय गोष्ट आहे हे सांगायला गेले तर लोक दचकतात. अठराव्यात एक अत्यंत गरीब ब्राह्मण आहे. दारातल्या घेवड्याच्या वेलावर त्या घराची गुजराण चालते. गुरू भिक्षेला येतात तेव्हा घरात दुसरे काही नसते, म्हणून घेवड्याची भाजी वाढली जाते. निघताना गुरू तो वेलच उपटून टाकतात. पुढे तो माणूस वेलाची मुळे काढायला खणतो आणि द्रव्याचा कुंभ सापडतो. या घराने काय मागितले होते? काहीही नाही. होते ते वाढले, उरले तेही गेले आणि मग मिळाले. ही गोष्ट निरपेक्ष देण्याची आहे. ती पैसा मागण्याचे सूत्र म्हणून वाचणे म्हणजे गोष्टीच्या नेमके उलट वागणे होय. चौदाव्यातल्या सायंदेवाला यवन अधिकाऱ्याने बोलावले आहे आणि तिथे जीव जाणार याची त्याला खात्री आहे. गुरू त्याला अभय देतात आणि त्या अधिकाऱ्याकडेच जायला सांगतात. तो जातो. घरात दार लावून तो चौदावा अध्याय वाचत बसत नाही! भीती असताना समोर जाऊन उभे राहणे हा त्या अध्यायाचा गाभा आहे. कोर्टाची तारीख चुकवून पारायणाला बसणाऱ्याला त्यातला सायंदेव भेटलेलाच नसतो.

दुसरा साक्षीदार म्हणजे अनुभव. "आमच्या शेजारच्या मुलीने केलं आणि तिला मेडिकलला नंबर लागला." नंबर लागला असेल. पण ज्यांनी तेवढ्याच मनोभावे केले आणि ज्यांचा लागला नाही, ते ही हकिकत सांगायला कुणाच्या ओट्यावर येत नाहीत. यश बोलके असते, अपयश तोंड लपवते. त्यामुळे अनुभवांच्या पोतडीत एकाच बाजूचे दाणे जमतात. स्पर्धा परीक्षांचा तर हिशेबच वेगळा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि अंतिम यादीत नावे लागतात हजाराच्या आगेमागे. उद्या या सर्व उमेदवारांनी एकवीस आवर्तने केली तरी जागा हजारच राहणार. ज्या उपायाने सगळ्यांना यश मिळणे गणितानेच अशक्य आहे, तो उपाय सगळ्यांना यशाची हमी देऊन कसा विकता येतो? देवाने एकाच्या आवर्तनांवर खूश होऊन दुसऱ्याचा हक्काचा गुण कापावा, अशी कल्पना ज्याला सुचते त्याला देव कळला आहे, असे मला वाटत नाही.

आता या दाव्यातला सर्वांत निर्दय भाग. स्तोत्र म्हणूनही काम फसले तर? उत्तर तयार असते : उच्चार चुकले असतील. सोवळे पाळले नसेल. श्रद्धा कमी पडली असेल. हा बचाव आजचा नाही. न्यायसूत्रांत आणि त्यांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात हा वाद उघडपणे मांडला आहे. प्रतिपक्षी विचारतो की पुत्रकामेष्टी करूनही पुत्र होत नाही, मग ते वचन खोटे का म्हणू नये? त्यावर उत्तर असे की वचन खोटे नाही, कर्मात, कर्त्यात किंवा साधनात काही वैगुण्य राहिले असणार. जुन्या पंडितांनी आक्षेप दडपला नाही, पूर्वपक्ष म्हणून मानाने मांडला, याचे मला कौतुक आहे. उत्तर मात्र पटत नाही. या उत्तराने कोणताही दावा कधीच हरत नाही. यश आले की श्रेय स्तोत्राचे, अपयश आले की खोट माणसाची. ज्याला कुठलाही निकाल खोटे पाडू शकत नाही, त्याला कुठलाही निकाल खरे ठरवतो असेही म्हणता येणार नाही.

शिवाय या बचावाची वाट पूजेनेच बंद केलेली आहे. कोणतीही पूजा संपताना क्षमाप्रार्थना असते. आवाहन मला येत नाही, पूजा येत नाही, मंत्रात, क्रियेत, भक्तीत जे उणे राहिले ते तूच पुरे करून घे, असे त्यात म्हणतात. गुरुजी सांगतात, यजमान हात जोडतो आणि त्यानंतरच पूजा संपली असे धरतात. उणीव राहणार हे गृहीत धरून ती माफ करण्याची सोय ज्या विधीत आहे, त्याच विधीच्या नावाने नापास झालेल्या पोरीला "तुझा अनुस्वार चुकला असेल" असे सांगायचे? एकतर क्षमाप्रार्थना पोकळ आहे किंवा हा आरोप पोकळ आहे. मी पूजेच्या बाजूने उभा आहे. आरोप करणाऱ्यांनी आपली बाजू ठरवावी.

तिसरा साक्षीदार अलीकडे फार मागणीत आहे, तो म्हणजे विज्ञान. "स्तोत्रांच्या कंपनांनी मेंदूवर परिणाम होतो, हे सिद्ध झालंय." काय सिद्ध झाले आहे ते पाहू. लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसांनी एका विशिष्ट लयीत मंत्र म्हटला तेव्हा त्यांचा श्वास मिनिटाला सहाच्या जवळपास आला आणि हृदय व रक्तदाब यांचे नियमन सुधारले. आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच माणसांना लॅटिनमधून 'आवे मारिया'ची जपमाळ म्हणायला लावली होती आणि परिणाम तोच झाला. म्हणजे गुण संथ, लयबद्ध श्वासाचा होता. या अभ्यासाने आपले स्तोत्र सिद्ध झाले म्हणणाऱ्याने जपमाळेचे सामर्थ्यही त्याच दमात मान्य करावे. आणि श्वास संथ होणे म्हणजे नोकरी लागणे नव्हे, हे तर सांगायलाच नको.

थेट फळाचीही परीक्षा झाली आहे. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे ख्रिस्ती मंडळी दुसऱ्यांसाठी प्रार्थना करत होती, त्यामुळे तो जसाच्या तसा रामरक्षेला लावता येणार नाही. पण निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही, हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यात प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्के आणि न झालेल्यांपैकी ५१ टक्के लोकांना गुंतागुंत झाली. प्रार्थना नक्की चालू आहे, असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. तेव्हा विज्ञानाला साक्षीला बोलावणाऱ्यांनी उलटतपासणीची तयारीही ठेवावी.

"इस्रोचे शास्त्रज्ञसुद्धा तिरुपतीला जातात, ते काय वेडे आहेत?" हा चौथा साक्षीदार. ते वेडे नाहीत, आणि म्हणूनच त्यांचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. २०१९च्या जुलैत चांद्रयान-२ निघण्याआधी इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष के. सिवन तिरुमलाला दर्शनाला गेले होते. ७ सप्टेंबरच्या पहाटे चंद्रापासून काही किलोमीटरवर त्याचा विक्रम लँडर भरकटला आणि आपटला. २०२३मध्ये चांद्रयान-३ची छोटी प्रतिकृती घेऊन शास्त्रज्ञ पुन्हा तिरुमलाला गेले आणि २३ ऑगस्टला यान अलगद उतरले. देवदर्शन दोन्ही वेळा झाले. मधल्या चार वर्षांत बदलले ते यान. आधीच्या वेळी इंजिनांचा रेटा अपेक्षेपेक्षा जास्त झाला, चुका साठत गेल्या आणि यानाला जितक्या झपाट्याने वळायला हवे होते तितके वळण्याची मुभा आज्ञावलीत नव्हती. उतरायची जागाही जेमतेम ५०० मीटर लांबी-रुंदीची होती. पुढच्या वेळी ती ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवले, वेग मोजणारे लेसर उपकरण बसवले आणि काय काय बिघडू शकते हे धरून आराखडा केला. अपयशाची कारणे सांगताना इस्रोने इंजिन आणि आज्ञावली यांच्याकडे बोट दाखवले. अभिषेकात काही राहून गेले का, असा प्रश्न काढला नाही. श्रद्धा असलेला माणूस काम कसे करतो, याचा हा नमुना आहे : नमस्कार करतो आणि हिशेब स्वतः देतो. आपण त्यातला नमस्कार तेवढा उचलला.

शेवटी सगळे हरले की एक मवाळ युक्तिवाद उरतो. "बरं, नसेल होत फायदा. नुकसान तर नाही ना? मुलाला धीर येतो, मन एकाग्र होतं." धीर येतो हे मला मान्य आहे. परीक्षेच्या सकाळी पाच मिनिटे डोळे मिटून ओळखीचे शब्द म्हटले की छातीतली धडधड कमी होते. पण तेवढेच सांगा ना! धीर येईल असे सांगा. यश येईल असे सांगून धीर देणे ही उसनवारी आहे आणि तिची फेड निकालाच्या दिवशी त्या मुलाला करावी लागते. दोन गुणांनी हुकलेल्या मुलाला अभ्यासाचे अपयश एकट्याने पेलवत नाही, त्यावर आपण देवाने नाकारल्याचे ओझे ठेवतो. हे नुकसान मोजायला कोणती तागडी आणायची?

वेळेचेही नुकसान आहे. फलश्रुती वगळून सावकाश म्हटले तरी अथर्वशीर्षाला तीनेक मिनिटे लागतात. एकवीस आवर्तनांना तास जातो. एकट्याने हजार करायची म्हटली तर पन्नास तास. ज्याला पाठातच आनंद आहे त्याने शंभर तास द्यावेत, ते त्याचे आयुष्य आहे. पण परीक्षा तीन आठवड्यांवर असताना, रसायनशास्त्र कच्चे असलेल्या मुलाला आई-वडिलांनी धाकाने ते पन्नास तास द्यायला लावावेत, ही भक्ती नाही. दुकान उघडताना पूजा उत्तम होते, पण गल्लीत त्याच मालाची चार दुकाने आधीच आहेत का, हे कुणी मोजत नाही. ऑपरेशनच्या आधी पाठ होतात आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायचे राहून जाते. स्तोत्रामुळे हे घडते असे नाही. स्तोत्राने आपले काम झालेच आहे, या समजुतीमुळे घडते.

आणि सर्वांत मोठे नुकसान भक्तीचे होते. नवसाने पोरे होतात या समजुतीची तुकोबांनी अशी खिल्ली उडवली आहे की आजच्या सभेत ती म्हणायला वक्ते कचरतील. देवाचा द्वेष म्हणून त्यांनी ती उडवली नाही. ज्याच्याशी जिवाचे नाते जोडायचे त्याच्याशी घासाघीस करणे त्यांना सहन होत नव्हते. गणेशोत्सवात ऋषिपंचमीला पहाटे पुण्यात दगडूशेठ गणपतीसमोर हजारो बायका रस्त्यावर बसून एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात. तिथे प्रत्येकीच्या मनात काही ना काही मागणे असेलही. पण त्या पहाटे जे मिळते ते तिथेच, म्हणता म्हणता मिळते. त्यासाठी परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. पठणाला स्वतःची किंमत आहे. तिला दुसऱ्या कशाचे तारण लागत नाही.

तेव्हा पालकांना सुचवणे एवढेच. पेपरच्या सकाळी मुलाबरोबर बसून स्तोत्र जरूर म्हणा, त्याचा अर्थ त्याला आधी कधीतरी सांगून ठेवा आणि फळाचे आश्वासन मात्र देऊ नका. पुस्तिका छापणाऱ्यांना जरा अवघड विनंती : मुखपृष्ठावर यशाची हमी द्यायचीच असेल तर मागच्या पानावर, ज्यांनी सांगितल्याप्रमाणे सगळे केले आणि ज्यांचे काम झाले नाही, त्यांचीही दखल घ्या. आणि आपण सगळे म्हणणारे, आपल्यासाठी कसोटी सोपी आहे. निकाल लागेल त्या संध्याकाळी, तो कसाही लागो, तेच स्तोत्र तेवढ्याच मनाने म्हणता आले तर आधी केलेली ती प्रार्थना होती. म्हणता आले नाही, तर तो सौदा होता, आणि सौदा फसला म्हणून देवावर किंवा मुलावर रुसण्याचा आपल्याला अधिकार नाही.